चूक पायलटची की बटणाची?

आजचा एपिसोड विमानांचा आहे, पण सुरुवात आमच्या हॉलमधल्या स्विचबोर्डापासून करते.

त्या बोर्डावर सात बटणं आहेत. सगळी पांढरी, सगळी सारखी, एका ओळीत. एक पंख्याचं, दोन ट्यूबलाइटची, एक बाल्कनीतल्या दिव्याचं, एक टीव्हीचं, एक बेलचं, आणि एक कशाचं आहे ते घर घेतल्यापासून कोणालाच कळलेलं नाही. पाहुणे आले आणि त्यांना पंखा लावायचा असला की ते आधी बाल्कनीतला दिवा लावतात, मग टीव्ही बंद करतात, आणि मग आमच्याकडे बघून ओशाळं हसतात. आम्ही काय म्हणतो? "अहो, ते नाही, शेवटून दुसरं!" म्हणजे चूक पाहुण्यांची.

एक दिवस आईने नेलपॉलिशची बाटली आणली आणि पंख्याच्या बटणावर लाल ठिपका दिला. विषय संपला.

हा ठिपका लक्षात ठेवा. विमानाच्या कॉकपिटमध्ये असा ठिपका द्यायला एक महायुद्ध व्हावं लागलं. आणि गोष्ट तिथे संपली नाही. मशीन बनवणाऱ्याला ते मशीन चांगलंच वाटतं. पण ते वापरणाऱ्या माणसाला नीट वापरता येतंय का, हे कसं तपासायचं? कोणावर तपासायचं? कुठल्या परिस्थितीत? आज या एका प्रश्नाचा जवळपास ८० वर्षांचा इतिहास ऐकूया. यात हुशार माणसं आहेत, गमतीशीर प्रयोग आहेत, आणि खूप मृत्यूसुद्धा आहेत.

धावपट्टीवर पोटावर बसलेलं विमान

दुसरं महायुद्ध चालू आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात राइट फील्ड नावाचा हवाई दलाचा तळ आहे. तिथल्या वैद्यकीय प्रयोगशाळेत आल्फॉन्स चॅपॅनिस नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ कामाला लागलाय. त्याच्यासमोर एक विचित्र कोडं आलं.

बी-१७ हे तेव्हाचं मोठं बॉम्बर विमान. हे विमान व्यवस्थित खाली उतरायचं, चाकं धावपट्टीला टेकायची, सगळं सुरळीत. आणि मग पायलट अचानक चाकंच आत घ्यायचा! विमान धाडकन पोटावर बसायचं. बी-२५ आणि पी-४७ या विमानांमध्येही हेच व्हायचं. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं जायचं: पायलटची चूक.

चॅपॅनिसने एक साधी गोष्ट बघितली. सी-४७ नावाच्या मालवाहू विमानाच्या पायलटांकडून ही चूक होतच नव्हती. आता विचार करा. चूक जर माणसाच्या डोक्यात असती, तर ती सगळ्या विमानांमध्ये सारखीच दिसायला हवी होती. काही ठरावीक विमानांत बसल्यावरच लोक वेंधळे होतात, हे कसं?

तो कॉकपिटमध्ये गेला आणि बघितलं. विमानाच्या पंखांना मागच्या कडेला फ्लॅप असतात, म्हणजे उतरताना खाली येणाऱ्या पट्ट्या. विमान टेकलं की त्या परत वर घ्यायच्या असतात. बी-१७ मध्ये फ्लॅपचं बटण आणि चाकांचं बटण शेजारी शेजारी होतं, आणि दोन्ही दिसायला अगदी सारखी. आमच्या हॉलमधल्या बोर्डासारखीच! सी-४७ मध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकारे चालवाव्या लागायच्या, त्यामुळे गोंधळाचा प्रश्नच नव्हता. लांबचं उड्डाण करून थकलेला पायलट, नजर समोर धावपट्टीवर, हात सवयीने खाली जातो, आणि चुकीचं बटण दाबलं जातं.

चॅपॅनिसचा उपाय आईच्या नेलपॉलिशपेक्षा फार वेगळा नव्हता. चाकांच्या बटणावर चाकाच्या आकाराचा गोल तुकडा बसवायचा, फ्लॅपच्या बटणावर पाचरीसारखा तुकडा. न बघता, नुसत्या बोटांना कळावं. आज तुम्ही कुठल्याही प्रवासी विमानाच्या कॉकपिटचा फोटो बघा, चाकांच्या दांड्याच्या टोकाला छोटं चाक दिसेल. अमेरिकेच्या विमान नियमांमध्ये ते आकार चित्रासकट दिलेले आहेत.

४६० चुकांची वही

युद्ध संपलं. १९४७ मध्ये त्याच राइट फील्डवर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी एक अहवाल काढला. त्यांनी पायलटांना विचारलं की, कॉकपिटमधलं एखादं बटण किंवा दांडा वापरताना तुमच्याकडून झालेली, किंवा तुमच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याकडून झालेली एक चूक नीट वर्णन करून सांगा. शिक्षा करायची म्हणून नाही, फक्त समजून घ्यायचं म्हणून.

असे ४६० किस्से त्यांनी गोळा केले आणि त्यांची वर्गवारी केली. जवळपास निम्म्या चुका एकाच प्रकारच्या होत्या: एका गोष्टीऐवजी दुसऱ्याच गोष्टीला हात लागणं. त्याचं एक कारण ऐकून मी डोक्याला हात लावला. इंजिनाचे तीन दांडे असायचे: एक ताकदीचा, एक पंख्याच्या पात्यांचा, एक इंधनाच्या मिश्रणाचा. बी-२५, सी-४७ आणि सी-८२ या तीन विमानांत या तीन दांड्यांचा क्रम तीन वेगवेगळ्या प्रकारे लावलेला होता. म्हणजे तुमच्या स्कूटरचा ब्रेक डावीकडे, मित्राच्या स्कूटरचा उजवीकडे, आणि भाड्याने घेतलेल्या स्कूटरचा सीटखाली. मग आदळलात की पोलीस म्हणणार, "चालवता येत नाही का?"

मला या अहवालातली सगळ्यात आवडलेली गोष्ट त्याच्या नावात आहे. त्यांनी 'पायलटची चूक' हे शब्द अवतरणचिन्हांत टाकले होते. लोक ज्याला पायलटची चूक म्हणतात, ती खरंच त्याची आहे का ते आधी बघू, असं ते दोन छोटे स्वल्पविराम सांगत होते.

यानंतरचा प्रयोग वॉल्टर ग्रेदरचा. विमान किती उंचीवर आहे ते दाखवणारं उपकरण म्हणजे अल्टिमीटर. तेव्हा त्याला घड्याळासारखे तीन काटे असायचे: एक शेकड्यांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा. ग्रेदरने अल्टिमीटरच्या वेगवेगळ्या रचनांची चित्रं पायलटांसमोर ठेवली आणि दोन गोष्टी मोजल्या: वाचायला किती सेकंद लागले, आणि उत्तर किती चुकलं. १९४९ मध्ये छापलेल्या त्या निकालानुसार तीन काट्यांचं उपकरण वाचायला सात सेकंदांच्या आसपास लागत होते, आणि शंभरातली अकरा-बारा उत्तरं हजार फुटांनी किंवा त्याहून जास्त चुकत होती. हे शिकाऊ लोक नव्हते, रोज तेच उपकरण बघणारे हवाई दलाचे पायलट होते! थेट आकडे दाखवणारी रचना मात्र दोन सेकंदांच्या आत वाचून व्हायची, चूक क्वचितच.

उंची हजार फुटांनी चुकीची वाचली आणि खाली डोंगर असला तर काय होतं, ते मी सांगायला नको.

इथे एक मोठा बदल झाला. तोपर्यंत चांगलं उपकरण म्हणजे अचूक उपकरण. ग्रेदरने दाखवलं की उपकरण अगदी अचूक असू शकतं आणि तरीही माणसाला चुकीची उंची सांगू शकतं. त्यामुळे तपासायचं काय? तर मशीन आणि माणूस यांची जोडी.

सरासरी माणूस सापडेचना

कुठला माणूस, हा पुढचा प्रश्न. १९५० मध्ये चार हजारांहून जास्त पायलटांची मापं घेतली गेली. उंची, छाती, हाताची लांबी, अशी कितीतरी. हेतू हा की सरासरी पायलट काढायचा आणि कॉकपिट त्याच्या मापाचं बनवायचं.

गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाला शंका आली. त्याने कॉकपिटसाठी सगळ्यात महत्त्वाची दहा मापं निवडली आणि मोजलं, की दहाही मापांत साधारण सरासरीच्या आसपास बसणारे पायलट ४,०६३ पैकी किती?

उत्तर होतं शून्य.

कोणाचे हात लांब तर पाय आखूड, कोणाची छाती रुंद तर कंबर बारीक. सरासरी माणसासाठी बनवलेली खुर्ची खरं तर कोणाच्याच मापाची नव्हती. मग सीट पुढे-मागे सरकवता येणं, पेडल आपल्या पायाप्रमाणे लावता येणं, पट्टे कमी-जास्त करता येणं, या गोष्टींवर भर दिला गेला. आज कारच्या सीटखालचा दांडा ओढून तुम्ही सीट सरकवता ना, मागे विचार हाच आहे.

दहापैकी किती मार्क?

मापं मोजता येतात, सेकंद मोजता येतात. पण "हे विमान चालवायला कसं वाटतं?" हे कसं मोजणार? टेस्ट पायलट खाली उतरून सांगायचे, "ठीक आहे", "जरा जड वाटतं", "मजा नाही आली". इंजिनियरने यातून काय समजायचं?

जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर यांनी याचं उत्तर शोधलं. त्यांची एक ते दहाची मोजपट्टी १९६९ मध्ये नासाने प्रसिद्ध केली आणि ती आजही वापरात आहे. गंमत म्हणजे यात एक म्हणजे सगळ्यात चांगलं आणि दहा म्हणजे सगळ्यात वाईट. पायलटला थेट मार्क द्यायला सांगत नाहीत, आधी प्रश्न विचारतात. विमान ताब्यात राहतं का? नाही? मग दहा, विषय संपला. राहतं? बरं, पेलवेल एवढ्या कष्टात काम पुरेसं नीट होतं का? होतं? मग आणखी सुधारणा न करता चालेल का? अशा हो-नाहीच्या वाटेने तो आकड्यापर्यंत पोहोचतो.

पुढे १९८८ मध्ये नासाच्या सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी कामाचा ताण मोजायची पद्धत मांडली. डोक्याला किती ताण, शरीराला किती, वेळेची घाई किती, काम किती जमलं, मेहनत किती लागली, आणि चिडचिड किती झाली, असे सहा प्रश्न. हो, चिडचिडीलाही मार्क!

पण या सगळ्यात एक फट राहून गेली होती. टेस्ट पायलट हा आधीच निवडक आणि तयार माणूस. आज कुठली गोष्ट बिघडवून दाखवणार आहेत, हे त्याला बऱ्याचदा माहीत असतं. रात्रीच्या चौथ्या उड्डाणावर असलेल्या साध्या पायलटला यातलं काहीच माहीत नसतं.

मुंबईहून निघालेलं विमान

१९८० च्या दशकात कॉकपिट बदललं. काट्यांच्या जागी स्क्रीन आले आणि विमान चालवायचं बरंचसं काम कॉम्प्युटरकडे गेलं. पायलट आता कॉम्प्युटरला सांगणार, अमुक उंचीवर जा, अमुक वेगाने खाली ये, आणि कॉम्प्युटर ते करणार. त्याच्या काम करण्याच्या पद्धती अनेक, त्यांना मोड म्हणतात. आता चुकीचं बटण दाबण्याइतकीच धोक्याची नवी चूक आली: आपण एका मोडमध्ये आहोत असं वाटणं आणि असणं दुसऱ्याच मोडमध्ये.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३२० विमान मुंबईहून बेंगळुरूला निघालं. कंपनीकडे ही विमानं नुकतीच आली होती. उतरताना विमान अशा मोडमध्ये गेलं, ज्यात कॉम्प्युटर इंजिनं जवळजवळ बंद असल्यासारखी मंद ठेवतो आणि विमान नुसतं खाली उतरत राहतं. वेग कमी कमी होत गेला. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. धावपट्टीच्या अलीकडेच, गोल्फच्या मैदानात विमान कोसळलं. १४६ पैकी ९२ जण गेले.

विमान त्या मोडमध्ये गेलं कसं? चौकशीत एक शक्यता पुढे आली. खाली येण्याचा वेग मिनिटाला ७०० फूट लावायचा होता. त्या बटणाशेजारी उंचीचं बटण असतं. बहुधा ते फिरवलं गेलं आणि वेगाऐवजी उंचीच ७०० फूट लावली गेली. बेंगळुरूचा तो विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर आहे. म्हणजे कॉम्प्युटरला मिळालेला हुकूम जमिनीच्याही खाली जायचा होता.

बी-१७ आठवतंय ना? शेजारी शेजारी असलेली दोन बटणं. मधे जवळपास ४७ वर्षं गेली होती.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, तशाच ए-३२० चा अपघात फ्रान्समध्ये झाला. लियॉंहून स्ट्रासबर्गला जाणारं विमान रात्री डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ मृत्यू. चौकशीत ठळकपणे आलेली शक्यता अशी: एकाच खिडकीत, एकाच बटणाने दोन वेगळ्या गोष्टी लावता यायच्या. एका मोडमध्ये उतरण्याचा कोन, दुसऱ्यात उतरण्याचा वेग. खिडकीत 'उणे ३.३' दिसलं तर कोन ३.३ अंश, म्हणजे संथ उतार. 'उणे ३३' दिसलं तर मिनिटाला ३,३०० फूट, म्हणजे जवळपास चौपट वेगाने खाली. फरक एका टिंबाचा. नंतर एअरबसने ती खिडकी बदलली आणि वेगाचा आकडा पूर्ण चार अंकांत दाखवायला सुरुवात केली.

त्या काळात अर्ल वीनर नावाचे संशोधक अशा विमानांच्या पायलटांशी बोलत होते. कॉकपिटमध्ये तीन प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात, असं त्यांनी नोंदवलं. हे आता काय करतंय? हे असं का करतंय? आणि आता पुढे काय करणार आहे? फोन स्वतःहून अपडेट झाल्यावर आपणही असंच म्हणतो. फक्त आपल्या फोनमध्ये प्रवासी बसलेले नसतात.

तपासणीत आवाज नव्हते

२६ एप्रिल १९९४ ला जपानमध्ये नागोयाला चायना एअरलाइन्सचं विमान कोसळलं. पायलट नाक खाली दाबत होता आणि त्याच वेळी ऑटोपायलट नाक वर करत होता. २६४ लोक गेले. यानंतर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने कॉकपिटमधल्या माणूस-मशीन संबंधांवर एक मोठा अहवाल १९९६ मध्ये काढला. पुढे युरोपने २००७ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये त्यासाठी खास नियम आणला. कॉकपिटमधली यंत्रणा समजेल अशी हवी, तिचं वागणं ओळखता येईल असं हवं, आणि पायलटकडून चूक झाली तर ती सावरता आली पाहिजे. चांगलं शिक्षण मिळालेला पायलटही चुकणार, हे आता कायद्याने मान्य केलं होतं.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही.

बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानात एमकॅस नावाची यंत्रणा होती, जी ठरावीक वेळी विमानाचं नाक आपोआप खाली करायची. ती एकाच सेन्सरवर अवलंबून होती. सेन्सर बिघडला आणि तिने भलत्याच वेळी नाक खाली केलं तर पायलट लगेच ओळखेल आणि सावरेल, असं गृहीत धरलं होतं. हे सिम्युलेटरमध्ये तपासलंही होतं. मग चुकलं कुठे?

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं. सिम्युलेटरमध्ये फक्त नाक खाली जाण्याचा प्रसंग घडवला होता. तो ज्या बिघाडामुळे घडणार, तो सेन्सरचा बिघाड घडवलाच नव्हता. खऱ्या विमानात सेन्सर बिघडल्याबरोबर पायलटच्या हातातला दांडा खडखडत थरथरायला लागला, वेगाचे आकडे जुळत नसल्याचे इशारे आले, उंचीचे आले. या गदारोळात नाक खाली का जातंय, ते ओळखायचं होतं. तपासणी झाली होती शांत खोलीत. खरा पेपर आला वेगळाच.

२९ ऑक्टोबर २०१८, लायन एअर, १८९ मृत्यू. १० मार्च २०१९, इथिओपियन एअरलाइन्स, १५७ मृत्यू. एकूण ३४६.

म्हणून आज नवीन कॉकपिट बनवताना आग्रह असतो तो लवकर तपासण्याचा. पुठ्ठ्याचं किंवा लाकडाचं नकली कॉकपिट असतानाच पायलटला बसवायचं, कारण तेव्हा बदल स्वस्त असतो. फक्त टेस्ट पायलट नको, कमी अनुभवाचे, रोजच्या उड्डाणांवरचे पायलटही हवेत. त्यांची नजर कुठे जाते ते बघायचं, किती वेळ लागला ते मोजायचं. "आवडलं का?" एवढंच न विचारता "मघाशी तुम्हाला काय होतंय असं वाटलं?" हे विचारायचं. आणि बिघाड दाखवायचा तो त्याच्या सगळ्या गोंगाटासकट.

मला या इतिहासातून एक गोष्ट कळली. "पायलटची चूक" हे वाक्य तपासाच्या शेवटी आलं की तपास थांबतो. सुरुवातीला आलं की खरा तपास सुरू होतो. चॅपॅनिसने ते सुरुवातीला ठेवलं आणि विमानं पोटावर बसायची थांबली.

आणि आता जरा स्वतःकडे. तुमच्यापैकी बरेच जण कोडिंग करता, ॲप बनवता, डिझाइन शिकता. तुमचं ॲप उद्या एखाद्या नर्सच्या हातात असेल, एखाद्या ड्रायव्हरच्या, नाहीतर पेन्शनसाठी अंगठा लावणाऱ्या आजोबांच्या. कोणी चुकलं की "यूजरला कळत नाही" असं पटकन तोंडावर येतं. तेव्हा एक करा. थांबा, आणि बघा की तीच चूक अजून किती जणांकडून होतेय.

आमच्या हॉलमधल्या सातव्या बटणाचं रहस्य अजून कायम आहे, बरं का. पण मागच्या आठवड्यात मामा आले, सरळ बोर्डाकडे गेले आणि पहिल्या फटक्यात पंखा लावला. आईने माझ्याकडे बघून फक्त भुवया उंचावल्या.

तुमच्या घरात, ऑफिसमध्ये, बसमध्ये असं कुठलं बटण आहे जे सगळेच चुकीचं दाबतात? मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, ऐकत राहा!